इंजिनाकडे पाठ करून बसणारे सर

५ मे १९९८. शाळेचं जनरल रजिस्टर नव्या वहीत उतरवायचं काम आज हाती घेतलं. जुन्याची शिवण उसवली आहे, कडा कसरीनं खाल्ल्या आहेत. सुट्टी असल्यामुळे दाखला मागायला खिडकीशी कुणी येत नाही, तेव्हा हेच दिवस बरे. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर सुटी पानं उडतात. घाम पुसत दुपारपर्यंत बरीच पानं झाली आणि मग ती ओळ आली.

यमुना. राहणार कर्नाळ्याच्या पायथ्याची वाडी. जातीच्या रकान्यात 'मराठा' खोडून वर 'कातकरी' केलेलं. शेजारी लाल शाईत शेरा: 'वर्गशिक्षकांनी दिलेल्या यादीतील चुकीमुळे झालेली नोंद दुरुस्त केली.' अक्षर माझंच.

शेरा खोटा आहे. यादी बरोबर होती. चूक मी केली होती.

जुन्या रजिस्टरातलं सगळं शेऱ्यांसकट जसंच्या तसं उतरवायचं, असा नियम आहे. म्हणजे तेच खोटं मी माझ्याच हातानं दुसऱ्यांदा लिहायचं. ज्या वर्गशिक्षकांच्या नावावर ती चूक लागली ते सर या जानेवारीत वारले. यमुना आता नर्स आहे, आणि सरांच्या निष्काळजीपणामुळे आपलं एक वर्ष मातीत गेलं असं ती अजून समजते. खरं काय ते माहीत असलेली मी एकटी उरले आहे. मी पेनाला टोपण लावलं आणि शिपायाला चहा सांगितला.

सर आमच्याकडे इतिहास-भूगोल शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, पायात बाराही महिने कॅनव्हासचे बूट. शाळेत आल्यावर आधी शिपायाला नमस्कार, मग हेडमास्तरांना. प्रवासात कायम इंजिनाकडे पाठ करून बसायचे. एस्टीत तसं बसता येत नाही, म्हणून सगळ्यात मागचा बाक धरायचे आणि मागच्या काचेतून बघत राहायचे. "चक्कर येत नाही का हो सर?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बाई, पुढे कोण आहे ते सगळेच बघतात. मागे कोण आहे ते कुणीतरी बघायला नको?"

हे वेड घाटातल्या रेल्वेचं होतं. कर्जतहून लोणावळ्याला गाडी चढते तेव्हा तिला मागून जादा इंजिनं लावतात. ती वरपर्यंत ढकलतात आणि लोणावळ्याला गुपचूप सुटी होतात. पुढे जाणाऱ्या माणसाला त्यांचा पत्ताही नसतो. या एका गोष्टीवर सरांनी अख्खा देश उभा केला होता. आठवीच्या पुस्तकात स्वातंत्र्याच्या चळवळीचा धडा दुसऱ्या सत्रात असे. सर तो जूनमध्येच घेत आणि त्याची सुरुवात घाटापासून करत.

"घाटात रेल्वे होईपर्यंत आपण सगळे आपापल्या बाजूचे होतो," ते सांगत. "वरचे ते घाटी, खालचे ते कोकणे. मग एक दिवस वरचा आणि खालचा एका बाकावर बसले. गाडी बोगद्यात शिरली. अंधार झाला. दोघंही घाबरले, दोघांनीही एकदमच देवाचं नाव घेतलं. बोगद्यातून बाहेर आले तेव्हा दोघांना कळलं की शेजारचाही आपल्यासारखाच घाबरतो. पुढची सगळी भाषणं, सगळे मोर्चे, सगळ्या परिषदा, त्याच गाडीत बसून मुंबईहून पुण्याला गेल्या आणि पुण्याहून मुंबईला आल्या. तिकिटावर जात नसते, पोरांनो. तिकिटावर फक्त कुठून आणि कुठे एवढंच असतं."

स्टाफरूममध्ये यावर रोज खडाजंगी. गणिताचे मास्तर डबा उघडताना हमखास काडी टाकायचे.

"सर, ती रेल्वे इंग्रजांनी स्वतःच्या कापसासाठी बांधली. देशासाठी नाही."

"कुणी बांधली म्हणालात?"

"इंग्रजांनी."

"हात दाखवा बघू."

"माझे? का?"

"पहार धरलेले हात कसे असतात, तुम्हाला ठाऊक आहे का ते बघतो. इंग्रजानं नकाशा काढला. डोंगर फोडला तो कातकऱ्यांनी, ठाकरांनी, वडारांनी, घाटावरून उतरलेल्या भुकेल्या माणसांनी. पटकीनं मेले तेही तेच. इंग्रजांनी बांधली म्हणे!"

"अहो, पण तुमचंच घर बुडवलं ना त्या रेल्वेनं?"

हे खरं होतं. रेल्वे यायच्या आधी मुंबईचा माणूस पडावातून पनवेलच्या बंदरात उतरे आणि बैलगाडीनं घाट चढे. सरांच्या पणजोबांच्या गाड्या त्या वाटेवर चालत. रेल्वे कर्जतवरून गेली आणि पनवेलचं बंदर बसलं, गाड्या बसल्या, बैल विकले गेले. गावातली जुनी माणसं अजून त्या रेल्वेच्या नावानं बोटं मोडतात. सर मात्र पोळीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणायचे, "बुडवलं. पण आमच्या गाडीत फक्त आमच्या ओळखीची माणसं बसायची."

पेपरात 'रेल्वे इंग्रजांनी बांधली' असं लिहिलं की ते अर्धा मार्क कापायचे. पालक भांडायला यायचे ते माझ्या खिडकीशी. मी त्यांना वर पाठवायची आणि ते घाटाची गोष्ट ऐकून, भांडण विसरून परत यायचे. एकदा तपासणीला साहेब आले. वर्गात जाऊन त्यांनी एका मुलीला विचारलं, "भारतात रेल्वे कोणी आणली?" ती उभी राहिली आणि म्हणाली, "कोणी आणली ते पुस्तकात हाय सायेब. वर कोणी चढवली ते इचारा." हेडमास्तरांचा चेहरा पडला. साहेब हसले म्हणून निभावलं. सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांना आनंद झाला की तसं व्हायचं.

ती मुलगी यमुना. बाप खारपाड्याकडच्या वीटभट्टीवर, आई त्याच्याबरोबर. पोर आजीजवळ वाडीत राहायची आणि एस्टी चुकली तर चालत यायची.

दर डिसेंबरात सर आठवीचा वर्ग कर्जतला न्यायचे. मुलींबरोबर बाई हवी म्हणून एकदा मला जावं लागलं. मी कुरकुरत गेले, कारण घरी पाहुणे होते. कर्जतच्या फलाटावर सगळी शाळा वडापावाकडे धावते, तशी आमचीही धावली. सरांनी त्यांना ओढत फलाटाच्या पार मागच्या टोकाला नेलं. इंजिनं हळूहळू आली, शेवटच्या डब्याला टेकली, एक दणका बसला. "हात करा!" सर ओरडले. पन्नास पोरांनी हात हलवले. इंजिनाचा ड्रायव्हर आधी गोंधळला. त्यानं मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी नाही म्हटल्यावर त्यानंही हात केला. मग आम्ही पळत जाऊन डब्यात बसलो.

घाटात गाडी मंकी हिलला थांबली. सर उठून उभे राहिले आणि खाली दरीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं किती माणसं पुरली आहेत ते कुणाला माहीत नाही. एकाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही."

यमुना म्हणाली, "आमच्या पणज्याचं आसंल."

पोरं हसली. सर हसले नाहीत. "तुझे पणजोबा?"

"ते मेले नाय हितं, घरी मेले. पन हितं दगूड पाडायचे. आजीकडं त्यांचा बिल्ला हाय."

सर खाली बसले आणि वही काढून तिला वाडीचा रस्ता विचारू लागले. पुढच्याच रविवारी ते वाडीवर गेले. बरोबर पुन्हा मी. आजी अनोळखी पुरुषाशी बोलणार नाही म्हणून, असं कारण त्यांनी दिलं. आजी तर माझ्याकडे बघतही नव्हती, त्यांच्याशीच बोलत होती.

"मास्तर, माझा सासरा कमरंला दोर बांदून कड्यावर लोंबकळायचा. पान्याच्या आदी सैल दगूड पाडायचे, म्हंजी गाडीवर नाय पडायचे. खालून गाडी जायाची. गाडीतली मानसं वर बगायची नाय."

"त्यांना कुणी दिसत नसे, आजी."

"दिसत कसा नाय? वर बगितला तर दिसंल!"

सरांनी मान खाली घातली. आजीनं फडक्यातून पितळी बिल्ला काढला. त्यावर एक नंबर होता. सरांनी तो हातात घेतला नाही. चष्मा काढून, जमिनीवर बसून, आजीच्या तळव्यावरच त्यांनी तो वाचला आणि वहीत उतरवून घेतला.

त्या नंबराचा पुढे असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. एकोणनव्वदचा जून. यमुना दहावी पास झाली. वाडीतली पहिलीच. नर्सिंगला जायचं तिनं ठरवलं होतं. त्यासाठी जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी पन्नास सालच्या आधीचा पुरावा. घर कुडाचं, जमीन नाही, जन्माची नोंद नाही, आजोबा शाळेत गेलेले नाहीत. पुरावा आणायचा कुठून? बाप दोन खेपा घालून भट्टीवर परत गेला. सरांनी मला गाठलं. "बाई, उद्या रजा टाका. आपण घाटात जातोय."

घाटातल्या एका रेल्वे कचेरीत आम्ही तिघं गेलो, सर, यमुना आणि मी. तिथले साहेब सरांना ओळखत होते. इतकी वर्षं हा माणूस येऊन काही ना काही विचारायचा, त्यामुळे. "मास्तर, आता काय शोधताय?" म्हणत त्यांनी माळ्यावरचे गठ्ठे काढून दिले. आम्ही तीन तास धूळ खाल्ली. नंबर यमुनेलाच सापडला. तिनं ओळीवर बोट ठेवलं. सरांनी वाचलं. बिल्ला नंबर. नाव. बापाचं नाव. गाव. मग एक रकाना, जात. त्यात 'कातकरी'.

मला आनंद झाला. काम झालं. मी सहीशिक्क्याच्या नकलेचा अर्ज लिहायला घेतला. सर मात्र त्या रकान्याकडे बघत राहिले होते.

"सर, सापडलं ना? मग?"

"रेल्वेनंही विचारली होती," ते म्हणाले.

"काय?"

"जात. प्रवाशाला विचारली नाही. दोरावर लोंबकळणाऱ्याला विचारली." मग म्हणाले, "माझ्या धड्यात एक ओळ कमी होती, बाई. पंचवीस वर्षं अपुरा शिकवला."

"पण त्या रकान्यामुळेच हिचं काम होतंय."

"हो. तेही शिकवायला पाहिजे."

परतताना गाडीत यमुना खिडकीशी, सर तिच्या समोर, इंजिनाकडे पाठ करून. ती त्यांना म्हणाली, "सर, नर्स झाले का तुमाला पयलं इंजेक्शन मी देनार." सर म्हणाले, "दे. पण मला सुईची भीती वाटते, आधीच सांगून ठेवतो." ती इतकी हसली, की डब्यातली माणसं वळून बघायला लागली. त्या दोघांना एकत्र हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

तहसील कचेरीनं रेल्वेची नक्कल मान्य केली. अडलं ते आमच्या शाळेच्या दाखल्यावर. त्यात 'मराठा' होतं.

कसं झालं ते मला बघताक्षणी कळलं. जूनमध्ये एका दिवसात ढीगभर नावं चढवायची असतात. वरच्या ओळीत जे असेल तेच खाली पुन्हा असेल तर आम्ही ते लिहीत नाही, डिट्टोच्या खुणा मारत खाली येतो. वर तीन मुली मराठा होत्या. खुणा मारण्याच्या लयीत माझा हात चौथ्या ओळीवरही गेला. पुढे कधीतरी खुणांवर आक्षेप आला, म्हणून मीच त्या जागी अक्षरं भरली. सरांनी यादीत स्वच्छ 'कातकरी' लिहून दिलं होतं. ती यादी केव्हाच रद्दीत गेली होती.

हेडमास्तरांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझा नोकरीत कायम करण्याचा प्रस्ताव सहीला पडून होता. मी चार वर्षं तात्पुरती क्लार्क होते. घरात नवरा आजारी, दोन मुलं शाळेत. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा काय डोक्यात होतं ते सांगते.

"नोंद कुणी केली?" हेडमास्तरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. माझ्याआधी सर बोलले. "वर्गशिक्षक मी होतो. यादी मी दिली. यादीत चूक होती."

"तुम्ही? कातकऱ्यांच्या घरी जाऊन बसणारे तुम्ही, आणि यादीत मराठा लिहिलंत?"

"घाईत झालं."

मी तोंड मिटलं. सरांच्या सेवापुस्तकात ठपका लिहिला गेला. पुढे लाल शेरा लिहिला तोही मीच. बाहेर व्हरांड्यात मी म्हटलं, "सर, हे बरोबर नाही." ते बुटाची नाडी बांधत होते. वर न बघता म्हणाले, "माझी तीन वर्षं राहिलीत, बाई. तुमची बावीस. हिशेब साधा आहे. आता अलिबागला शिक्षण खात्याकडे दुरुस्तीचा कागद लवकर कसा जाईल ते बघा."

कागद लवकर गेला नाही. दुरुस्तीचा हुकूम आला तेव्हा प्रवेश बंद झाले होते. यमुना त्या वर्षी आईबापाबरोबर भट्टीवर गेली आणि डोक्यावर विटा वाहिल्या. तिचा बाप शाळेत आला तेव्हा हेडमास्तरांनी त्याला सांगितलं, "तुमच्या सरांनीच घोळ केला." बापानं व्हरांड्यात सरांना अद्वातद्वा बोलून घेतलं. सर हात जोडून उभे होते. मी खिडकीच्या आत दाखल्यांवर शिक्के मारत होते.

पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. पण सरांशी ती पुन्हा बोलली नाही. बाजारात समोर आली तरी रस्ता बदलायची. सर तिची चौकशी माझ्याकडे करायचे. तिला कुठलं केंद्र मिळालं, जेवणाचं काय, साप निघतात का तिथं. "सांगू का तिला खरं?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा. माझ्यासाठी नको." मला तेव्हा वाटलं नाही, असं कसं म्हणू? वाटलं. पण कायम झाले होते, मग हेडक्लार्क झाले, आणि दर वर्षी जून यायचा.

निवृत्तीनंतर ते पनवेलच्या खांदा कॉलनीत मुलाच्या ब्लॉकवर राहायला गेले. कोकणातून गाडी आरपार सुरू होणार म्हणून तिच्यासाठी त्यांनी नवी वही घातली होती. बोगदे खणणाऱ्यांची नावं ते कामावर जाऊन लिहून आणत. या वेळी एकही नाव सुटू द्यायचं नाही म्हणत. त्या गाडीत बसायचं मात्र राहिलं. शोकसभेचा निरोप मी यमुनेला पाठवला होता. उलट निरोप आला, "मला नाय जमनार. त्यांच्यापायी माझं वरीस भट्टीवर गेलं."

मी रडणारी बाई नाही. पण मधल्या सुट्टीत अजून दाराकडे लक्ष जातं. डबा घेऊन ते माझ्या खोलीत यायचे, पंख्याखालची खुर्ची फिरवून भिंतीकडे पाठ करायचे आणि म्हणायचे, "हं, आज कुणाशी भांडलात?" आता कुणी विचारत नाही. पुण्याला मुलीकडे जाताना कर्जतला गाडी थांबते, मागून दणका बसतो, वडे विकणाऱ्यांचा ओरडा चालू असतो. मी खिडकीतून डोकं काढते आणि मागे बघते. वळणामुळे काही दिसत नाही. गाडी सुटली तरी मान वळवलेलीच राहते, शेजारची बाई विचारते, कुणी यायचं राहिलं का?

आज ती ओळ मी नव्या वहीत उतरवली नाही. जागा कोरी सोडून पुढचं पान घेतलं. नंतर तेही तसंच ठेवून वही मिटली.

६ मे. सकाळी सातच्या एस्टीनं मी यमुनेच्या आरोग्य उपकेंद्रावर गेले. लसीकरणाचा दिवस होता. पोरं कडेवर घेतलेल्या बायकांची रांग पडवीबाहेर उन्हात आली होती. यमुना पांढऱ्या साडीत टेबलाशी उभी होती.

"बाई, तुमी? काय काम काडलंत?"

मी रांगेच्या बाजूला उभ्या उभ्याच सांगितलं. यादी बरोबर होती, खुणा मी मारल्या, सरांनी अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. वाक्यं मी एस्टीत जुळवली होती, तरी मधेच अडखळले.

तिनं सिरिंज भरली. पोराचा दंड पुसला, टोचलं, पोर रडलं, आईला म्हणाली, "ताप आला तर घाबरू नको." मग दुसरं पोर. मग तिसरं. रांग संपेपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी पडवीत बसून राहिले. साडेदहा वाजले, अकरा वाजले.

शेवटची बाई गेल्यावर तिनं हात धुतले.

"वरीसभर डोक्यावर विटा घिऊन मी त्यांना शिव्या घातल्या. रोज."

"आता मला घाल."

"तुमाला काय घालू? तुमी तर समोर हाय." पदरानं हात पुसत ती थांबली. "तुमी तवा बोलल्या असत्या, तर माझं वरीस वाचलं असतं का?"

"नाही. कागदाला तेवढाच वेळ लागला असता."

"मंग वरीस नाय गेलं माझं तुमच्यामुळं. सर गेले."

तिनं लशीची पेटी बंद केली, वहीत आकडे भरले, खोलीला कुलूप घातलं.

"त्यांच्या घरी कोन हाय?"

"सरांच्या पत्नी आहेत. मुलगा कामावर जातो."

"त्यांना ठाव हाय?"

"नाही."

"चला मंग." तिनं पिशवी खांद्याला लावली. "मी सांगंन त्यांना. तुमी शेजारी उभं ऱ्हायाचं, मान वर करून."

मी साडेअकरापर्यंत ऑफिसात पोचायचं ठरवून निघाले होते. किल्ल्याही माझ्याकडेच होत्या. मी तिच्या मागोमाग रस्त्यावर आले आणि पनवेलच्या एस्टीला हात केला.